कांचनाबुरीचं रेल्वे सेंटर आणि हेलफायर पास : दोन दिवस द्यावेत अशी जागा

बँकॉकच्या पश्चिमेला साधारण १३० किलोमीटरवर कांचनाबुरी आहे. तिथलं ‘थायलंड-बर्मा रेल्वे सेंटर’ हे संग्रहालय आणि तिथून आणखी ८० किलोमीटरवर डोंगरात असलेलं हेलफायर पासचं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जपानच्या कैद्यांनी खोदलेल्या रेल्वेच्या खिंडीचं केंद्र, या दोन जागांबद्दल मला लिहायचं आहे. दोन्ही मिळून पूर्ण दोन दिवस द्या, हा माझा पहिला सल्ला. मी रेल्वेत रूळमार्गाच्या खात्यात नोकरी केली. डोंगरातली कटिंगं, भराव आणि पावसाळ्यातल्या दरडी यांच्यातच उमेदीची वर्षं गेली. लेक नोकरीनिमित्त बँकॉकला असते म्हणून इथं येणं झालं. रेल्वेची कुठलीही लाईन दिसली की मला बरं वाटतं. या लाईनवर मात्र पाय जड होतात, आणि तरीही ती प्रत्येकानं बघावी असं मला मनापासून वाटतं.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत जपानी आरमाराला जबर फटका बसला. मलायाला वळसा घालून रंगूनला जाणारा समुद्रमार्ग पाणबुड्यांमुळे धोक्याचा झाला. ब्रह्मदेशातल्या जपानी फौजेला, म्हणजे पुढं इंफाळ-कोहिमावर चालून आलेल्या फौजेला, रसद पोचवायची तर जमिनीवरून वाट हवी होती. म्हणून सयाममधल्या, म्हणजे आजच्या थायलंडमधल्या, बान पोंगपासून ब्रह्मदेशातल्या थानब्यूझायातपर्यंत ४१५ किलोमीटरची मीटरगेज लाईन टाकायचं ठरलं. ब्रिटिशांनीही पूर्वी या मार्गाचा विचार केला होता, पण डोंगर, जंगल, पाऊस आणि रोगराई बघून तो सोडून दिला होता. जपान्यांनी ऑक्टोबर १९४२ ते ऑक्टोबर १९४३ या जेमतेम वर्षभरात दोन्हीकडून काम आणून रूळ जोडले. यंत्रं जवळपास नव्हतीच. होती ती माणसं. साठ हजारांहून जास्त युद्धकैदी : ब्रिटिश सुमारे ३०,०००, डच १८,०००, ऑस्ट्रेलियन १३,००० आणि काहीशे अमेरिकन. त्यांच्याखेरीज मलाया, ब्रह्मदेश, जावा इथून आणलेले दोन लाखांच्या आसपास आशियाई मजूर. कैद्यांपैकी १२,००० हून अधिक मेले. मजुरांचा आकडा ९०,००० च्या घरात धरला जातो.

या लाईनबद्दल ‘दर स्लीपरमागं एक बळी’ असं बोललं जातं. स्लीपर म्हणजे रूळांखालची आडवी लाकडं. मला हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. मीटरगेजला किलोमीटरला तेराशे स्लीपर धरले तर ४१५ किलोमीटरला साडेपाच लाखांच्या आत-बाहेर स्लीपर लागतात. म्हणजे ते वाक्य अतिशयोक्तीचं आहे. पण हाच हिशेब उलटा मांडला की जे हाती येतं ते त्या वाक्याहून भयंकर आहे : दर चार मीटरला एक माणूस. आमच्या खात्यात एखादा गँगमन, म्हणजे रूळांची निगा राखणारा कामगार, गाडीखाली सापडला तर महिनाभर कुणाला धड जेवण जात नसे. इथं रूळाची एक लांबी टाकून होईपर्यंत दोन-तीन माणसं गेलेली असत.

आता संग्रहालयाविषयी. रेल्वे सेंटर कांचनाबुरी स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, युद्धस्मशानभूमीला लागूनच आहे. रॉड बिटी नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसानं २००३ मध्ये ते उभं केलं. हा गृहस्थ इथल्या स्मशानभूमींची देखभाल करत होता आणि जंगलात गडप झालेला रेल्वेमार्ग त्यानं स्वतः पायी फिरून, मोजून काढला. ते प्रत्येक दालनात जाणवतं. इथं भिंतीवर मोठमोठी भावनिक वाक्यं नाहीत. नकाशा आहे, मार्गाची प्रतिकृती आहे, छावणीगणिक माहिती आहे. आजाऱ्यांचं आणि मृत्यूंचं गणित नीट मांडलेलं आहे. काम कुठल्या क्रमानं झालं, कुठल्या महिन्यात कुठल्या टप्प्यावर किती माणसं होती, पटकी कुठून कुठं पसरली, हे मार्गाच्या उताराबरोबर आणि पावसाबरोबर जोडून दाखवलं आहे. मला हे फार आवडलं. क्रौर्य म्हणजे फक्त एखाद्या पहारेकऱ्याचा दंडुका असं आपण समजतो. पण इथं कळतं की मे-जूनचा पाऊस सुरू झाल्यावर वरच्या छावण्यांकडं जाणारे रस्ते बंद पडले, तांदूळ पोचेना, आणि तरीही वेळापत्रक मागं घ्यायच्या ऐवजी पुढं ओढलं गेलं. त्या काळाला कैदी ‘स्पीडो’ म्हणत, कारण पहारेकरी दिवसभर तेच ओरडत. सर्वांत जास्त माणसं त्या महिन्यांत मेली. कागदावरची तारीख माणसांना कशी मारते, ते मला नोकरीमुळं चटकन कळलं.

जगले ते कसे, हे दालन मी सर्वांत जास्त वेळ पाहिलं. हिवताप, आमांश, बेरीबेरी, पटकी, आणि बांबूच्या साध्या ओरखड्यातून चिघळत हाडापर्यंत जाणाऱ्या जखमा. औषधं नव्हती. डॉक्टर कैदी होते, तेच आधार होते. एडवर्ड डनलॉप या ऑस्ट्रेलियन शल्यविशारदाचं नाव सगळ्यांना माहीत असतं. तो आजारी माणसांना कामावर पाठवू नये म्हणून जपानी अधिकाऱ्यांसमोर उभा राहायचा आणि मार खायचा. चुंगकाईच्या छावणीत मार्कोविट्झ नावाच्या डॉक्टरनं हाताशी असलेल्या सामानावर रक्त द्यायची सोय केली होती. चिघळलेल्या जखमा चमच्यानं खरवडून काढत. पटकीच्या रोग्याला द्यायचं खारं पाणी बांबूच्या आणि रबराच्या नळ्यांतून शिरेत सोडत. आणि कांचनाबुरीतला बूनपोंग नावाचा व्यापारी. छावण्यांना भाजीपाला पुरवायचा ठेका त्याच्याकडं होता. मालाच्या आडून तो औषधं, पैसे आणि रेडिओच्या बॅटऱ्या आत पोचवत असे. पकडला गेला असता तर त्याचं काय झालं असतं ते सांगायला नको. पाक फ्रेक या जुन्या बाजारपेठेत त्याचं दुकान होतं. ती गल्ली आजही आहे, संध्याकाळी तिथून एक फेरी जरूर मारा. कैदेत जगणं म्हणजे एकट्याच्या मनाची जिद्द, असं लोक म्हणतात. इथं पाहून माझं मत झालं की कैदेत माणूस बहुतेक वेळा दुसऱ्या कुणीतरी धोका पत्करल्यामुळं जगतो.

संग्रहालयाची माणसं एक काम करतात ते फारसं कुणाला माहीत नसतं. इथं मेलेल्या किंवा इथून वाचलेल्या कैद्यांचे नातेवाईक येतात, त्यांना आपला माणूस कुठल्या तुकडीत होता, कुठल्या छावणीत होता, कुठं गेला हे शोधून देतात. वरच्या मजल्यावर चहा-कॉफीची जागा आहे आणि तिथल्या खिडकीतून समोर स्मशानभूमी दिसते. आम्ही होतो तेव्हा शेजारच्या टेबलावर एक वयस्कर जोडपं एका कागदाकडं बघत बसलं होतं. त्यांच्याशी बोलायचं धाडस मला झालं नाही.

स्मशानभूमीत कांस्याच्या छोट्या आडव्या पाट्या आहेत, ओळीनं, मधेमधे फुलझाडं. जवळपास सात हजार कबरी. वयं वाचत चालू नये, चालवत नाही. एक गोष्ट मात्र आपल्या लोकांनी मुद्दाम पाहावी. प्रवेशाच्या इमारतीत एक स्मृतिफलक आहे, त्यावर अविभाजित भारताच्या सैन्यातल्या ११ जणांची नावं आहेत. ते थायलंडमधल्या मुस्लिम दफनभूमींत पुरले गेले आणि त्यांच्या कबरी राखता आल्या नाहीत, म्हणून नावं इथं कोरली. लोक या फलकाकडं न बघताच आत शिरतात. थांबा आणि वाचा.

हेलफायर पासकडं जायला ३२३ क्रमांकाचा महामार्ग आहे. केंद्र ऑस्ट्रेलियन सरकारचं, १९९८ मध्ये सुरू झालेलं. टॉम मॉरिस हा माजी कैदी १९८० च्या दशकात परत आला, रान माजलेली ती खिंड त्यानं शोधली आणि ती जपावी म्हणून आपल्या सरकारच्या मागं लागला. प्रवेशाला पैसे नाहीत, कानाला लावून ऐकायचं ध्वनियंत्रही फुकट मिळतं. ते घेतल्याशिवाय खाली उतरू नका. त्यात माजी कैद्यांचे स्वतःचे आवाज आहेत. म्हातारे, स्थिर आवाज. कुणी रडत नाही, कुणी शिव्या देत नाही. कामावरून परतताना चिखलात काय झालं, आजारी मित्राला कसं नेलं, रात्री उजेडासाठी काय पेटवलं, हे ते सांगतात आणि तुम्ही त्याच दगडांमध्ये उभे असता.

लाकडी पायऱ्या उतरून खाली गेलं की खिंड लागते. खडकाची उभी भिंत, काही ठिकाणी पंचवीस मीटरपर्यंत खोल. खाली खडी आणि काही जुने रूळ-स्लीपर. सुरुवात २५ एप्रिल १९४३ ला झाली असं सांगतात. तो ऑस्ट्रेलियन लोकांचा सैनिकस्मरणाचा दिवस. कामाची रीत अशी : एकानं पोलादी पहार खडकावर धरायची, दुसऱ्यानं घण मारायचा, प्रत्येक घावानंतर धरणाऱ्यानं पहार थोडी फिरवायची. अशी मीटरभर आणि पुढं त्याहून जास्त खोल भोकं पाडायची, त्यात सुरुंग भरायचा, उडवायचा, आणि फुटलेला दगड हातांनी, टोपल्यांनी काढायचा. त्या भोकांच्या खुणा भिंतीवर अजून आहेत. मी त्यात बोट घालून पाहिलं. आम्ही असली कामं हवेच्या दाबावरच्या ड्रिलनं केली, तरी खडकाशी भांडण म्हणजे काय ते अंगाला माहीत आहे. उपाशी, अनवाणी, आमांशानं पोखरलेल्या माणसाकडून घण मारून घेणं, दिवसाला बारा, सोळा, अठरा तास, हे ज्यानं ठरवलं त्याला खडक तरी कळला होता का, असं मला तिथं उभं राहून वाटलं. रात्री बांबूच्या होळ्या आणि मशाली पेटवून काम चाले. वरून पाहणाऱ्याला खाली नरकाची आग दिसे, त्यावरून हे नाव पडलं. डनलॉप १९९३ मध्ये वारला, त्याच्या अस्थींचा काही भाग या परिसरात ठेवला आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसलो ती. या दोन्ही जागा बघताना एक माहिती असेल तर बघण्याला अर्थ येतो, आणि ती आपल्याकडं कमी लोकांना आहे.

एरिक लोमॅक्स हा एडिंबराचा, जन्म १९१९. लहानपणापासून आगगाड्यांचा वेडा. ब्रिटिश लष्कराच्या संदेशवहन दलात अधिकारी झाला, फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं तेव्हा कैद झाला आणि कांचनाबुरीच्या रेल्वे वर्कशॉपच्या छावणीत आला. छावण्यांमधून चोरून रेडिओ बनवलेले असत. दिल्लीहून येणाऱ्या बातम्या त्यांवर ऐकल्या जात. लोमॅक्सच्या छावणीतला रेडिओ ऑगस्ट १९४३ च्या अखेरीस झडतीत सापडला. त्यानंतरच्या मारहाणीत दोन अधिकारी मेले, लोमॅक्सचे दोन्ही हात मोडले. त्याच्याजवळ आणखी एक वस्तू सापडली : त्यानं स्वतः काढलेला या रेल्वेमार्गाचा नकाशा. ज्याला रेल्वेचं वेड आहे तो नकाशा काढल्याशिवाय राहू शकत नाही, हे मला कुणी समजावून सांगायला नको. जपानी लष्करी पोलिसांना ते कसं पटणार. त्यांनी त्याला ताब्यात घेतलं, दिवसेंदिवस चौकशी केली, नाकातोंडात पाणी सोडून छळलं. चौकशीत दुभाषा होता ताकाशी नागासे. पुढं लोमॅक्सला सिंगापूरच्या आउटराम रोड तुरुंगात धाडलं.

माझ्या लेकीनं इथं विचारलं, “बाबा, दुभाष्यानं तर हात लावला नव्हता. मग राग त्याच्यावरच का?” मी म्हटलं, “बाळ, मारणारे काय बोलत होते ते लोमॅक्सला कळतच नव्हतं. कळत होता तो एकाचाच आवाज.” लोमॅक्स घरी परतला, नोकरी केली, शिकवलं, निवृत्त झाला, आणि रात्री तो आवाज ऐकत राहिला. पन्नास वर्षं. युद्धकैद्यांच्या पिढीला कुणी विचारलं नाही आणि त्यांनी कुणाला सांगितलं नाही. लंडनमध्ये छळ सोसलेल्यांवर उपचार करणारी हेलन बँबर यांची संस्था होती, तिथं तो उतारवयात गेला तेव्हा पहिल्यांदा नीट बोलला.

नागासेची बाजूही तितकीच खरी आहे. युद्ध संपल्याबरोबर, १९४५ च्या शरद ऋतूत, दोस्त राष्ट्रांचं पथक या मार्गावर कबरी शोधत निघालं. त्यांना दुभाषा हवा होता, तो नागासे झाला. पथकानं १४४ ठिकाणच्या १०,५४९ कबरी नोंदल्या. कालपर्यंत चौकशीच्या खोलीत बसलेला माणूस आठवड्यामागून आठवडे जंगलातून कबरी उकरताना पाहत चालला. ते त्याच्या अंगात भिनलं. जपान्यांना परदेशी जायची मुभा मिळाल्यावर तो इथं आला आणि मग येतच राहिला, शंभराहून जास्त वेळा. १९७६ मध्ये त्यानं माजी कैदी आणि माजी जपानी सैनिक यांची या लाईनच्या क्वाय नदीवरच्या प्रसिद्ध पुलावर भेट घडवून आणली. १९८६ मध्ये पुलाजवळ शांतीचं मंदिर बांधलं. आपल्या देशाच्या लष्करशाहीविरुद्ध तो उघड बोलत असे.

१९८९ मध्ये एका जुन्या साथीदारानं लोमॅक्सच्या हातात जपानी वर्तमानपत्रातलं एक कात्रण ठेवलं. त्यात नागासेचा फोटो होता आणि छळ झालेल्या एका कैद्याची आठवण त्याला छळते असं लिहिलं होतं. तो कैदी आपणच, हे लोमॅक्सनं ओळखलं. त्याला सूडच घ्यायचा होता, हे त्यानं नंतर लपवलं नाही. नागासेनं आपल्या लिखाणात म्हटलं होतं की इथल्या स्मशानभूमीत हात जोडून उभं राहिल्यावर आपल्याला क्षमा मिळाल्यासारखं वाटलं. लोमॅक्सच्या पत्नीनं, पॅटीनं, ते वाचलं आणि १९९१ मध्ये नागासेला पत्र लिहिलं. ज्या माणसाला तुम्ही छळलंत त्यानं तुम्हाला क्षमा केलेली नाही, मग तुम्हाला ती मिळाली असं कसं वाटू शकतं, असा तिचा सवाल होता.

मला या सगळ्या हकिगतीत ही बाई सर्वांत मोठी वाटते. तिनं जो प्रश्न टाकला तो इथल्या प्रत्येक स्मारकाला लागू पडतो. क्षमा स्मशानभूमी देऊ शकत नाही. मंदिर देऊ शकत नाही, सरकारं करार करून देऊ शकत नाहीत, आणि दोन दिवसांसाठी आलेले आपण तर मुळीच नाही. ज्याचे हात मोडले त्याचा तो अधिकार. नागासेला हे पत्र वाचून बसलेला धक्का त्याच्या उत्तरात दिसला, आणि त्या उत्तरामुळं पुढचं सगळं घडलं.

मार्च १९९३ मध्ये दोघं इथं, कांचनाबुरीला, पुलाजवळ भेटले. दोघंही सत्तरी ओलांडलेले. नागासे थरथरत होता, पुन्हापुन्हा माफी मागत होता, आणि त्याला धीर द्यायचं काम लोमॅक्सला करावं लागलं. लगेच गळाभेट आणि सगळं संपलं असं झालं नाही. दोघं दिवसेंदिवस एकत्र हिंडले, बोलले, पुढं लोमॅक्स जपानला गेला. तिथं, खात्री पटल्यावर, त्यानं नागासेला एका खोलीत दोघंच असताना लिहून क्षमा दिली. लेखी. घाईनं दिलेल्या शब्दापेक्षा मला त्या कागदाचं मोल जास्त वाटतं. नागासे २०११ मध्ये गेला, लोमॅक्स २०१२ मध्ये, दोघंही ९३ वर्षांचे होऊन.

पण ज्यांनी क्षमा केली नाही त्यांच्याबद्दलही दोन शब्द लिहायलाच हवेत. कित्येक माजी कैद्यांनी मरेपर्यंत जपानी वस्तू घरात आणली नाही. जपानशी झालेल्या १९५१ च्या शांतताकरारानंतर ब्रिटिश कैद्यांना जी भरपाई मिळाली ती माणशी ७६ पौंडांच्या आसपास होती. ब्रिटिश सरकारनं १०,००० पौंड द्यायचं जाहीर केलं ते थेट २००० सालच्या नोव्हेंबरात, तोवर बहुतेक जण गेले होते. त्यांच्याकडं कुणी नागासे आला नव्हता. पन्नास वर्षं खपून, कबरी शोधून, मान खाली घालून कुणी दारात उभं राहिलं नाही, तर त्यांनी क्षमा करायची तरी कुणाला? लोमॅक्सचं उदाहरण देऊन अशा माणसांना मोठ्या मनाचे धडे देऊ नयेत.

आणि मजूर. मलायातल्या रबराच्या मळ्यांवरचे तमिळ, म्हणजे आपलेच लोक, हजारोंनी इथं आणले गेले. आधी चांगल्या मजुरीचं आमिष, मग सरळ धरपकड. काहींच्या बायकामुलांसकट. त्यांच्यात डॉक्टर नव्हते, अधिकारी नव्हते, नोंदी ठेवणारं कुणी नव्हतं. म्हणून कैद्यांतला पाचातला एक मेला, तर त्यांच्यातले जवळपास निम्मे. रेल्वे सेंटरनं त्यांची माहिती स्वतंत्रपणे मांडली आहे, ती घाईत ओलांडून जाऊ नका. पण पाट्यांच्या ओळी त्यांच्या नाहीत. स्मशानभूमीपासून जवळच वात थावोर्न वराराम हे बौद्ध मंदिर आहे. सामूहिक खड्ड्यांतून निघालेल्या मजुरांच्या अस्थी तिथल्या स्तूपाखाली आहेत. पर्यटकांच्या बस तिथं थांबत नाहीत. तुम्ही थांबा. पॅटी लोमॅक्सचा प्रश्न तिथं उभं राहून स्वतःला विचारला तर उत्तर सापडत नाही, कारण क्षमा मागायला कुणी आलंच नाही आणि द्यायला नावानिशी कुणी उरलं नाही. आपल्यासाठी यात आणखी एक अवघड गोष्ट आहे : आझाद हिंद सेनेच्या तुकड्या याच रूळांवरून ब्रह्मदेशाकडं गेल्या. नेताजींबद्दलचा माझा आदर तसूभरही कमी झालेला नाही. पण त्या गाडीखाली काय होतं हे माहीत असावं.

पुलाबद्दल थोडक्यात. तो पाहाच, पण शेवटी पाहा. कमानदार लोखंडी गाळे जावाहून सोडवून आणलेले आहेत, मधले दोन कोनदार गाळे युद्धानंतरचे, कारण मूळचे १९४५ च्या बॉम्बफेकीत पडले. पुलाभोवती बाजार आहे, गर्दी आहे, फोटो काढणारे आहेत. त्या भागातलं एक खासगी संग्रहालय आम्ही पाहिलं. युद्धाच्या वस्तूंबरोबर तिथं काय वाट्टेल ते मांडलेलं होतं, पाट्यांवरच्या माहितीचा ताळमेळ नव्हता. पैसे आणि वेळ दोन्ही रेल्वे सेंटरसाठी ठेवा. नदीकाठच्या वात चाय चुंफोन या मठातलं १९७७ चं छोटं संग्रहालय मात्र साधं आणि प्रामाणिक आहे. कैद्यांच्या बांबूच्या झोपडीसारखीच त्याची रचना आहे.

बँकॉकहून एका दिवसात सगळं दाखवणाऱ्या सहलींबद्दल माझं मत वाईट आहे. आधी एकदा लेकीच्या ऑफिसच्या मंडळींबरोबर अशी एक सहल झाली होती. स्मशानभूमीला अर्धा तास, पुलावर फोटो, मग हत्ती आणि धबधबा. गाडीतल्या माणसानं मेलेल्यांचे आकडे चुकीचे सांगितले. असं करण्यापेक्षा गेलं नाही तर बरं.

आगगाडीनंच जा. बँकॉकच्या थोनबुरी स्टेशनवरून सकाळी आणि दुपारी गाडी सुटते, नाम तोकपर्यंत जाते, परदेशी माणसाला तिकीट १०० बाट. तिसरा वर्ग, उघड्या खिडक्या. कांचनाबुरीपुढं जाताना डाव्या बाजूला बसा. वांग फो इथं लाकडी खांबांचा पूल कड्याला चिकटून, नदीच्या वर उभा आहे आणि गाड्या अजून त्यावरून जातात, अगदी सावकाश. त्या लाकडाची निगा राखणाऱ्या थाई गँगला माझा नमस्कार. नाम तोकपुढची लाईन उखडलेली आहे, वरचा बराच भाग धरणाच्या पाण्याखाली गेला. नाम तोकहून हेलफायर पासला जायला गाडी ठरवावी लागते, बसही जाते.

गुडघे दुखत असतील तर हेलफायरच्या पायऱ्या सांभाळून उतरा, परत चढताना जास्त त्रास होतो. खिंडीच्या पुढं जुन्या मार्गावरून चालत जाता येतं, पण पाणी बरोबर असू द्या आणि सकाळीच निघा, दुपारी खडक तापतो. २५ एप्रिलच्या पहाटे तिथं ऑस्ट्रेलियन लोकांचा स्मरणाचा कार्यक्रम असतो, त्या दिवसांत राहण्याची सोय आधी करून ठेवा. दहा-बारा वर्षांच्या मुलांना न्यायला हरकत नाही, मात्र रेल्वे सेंटरमधलं आजारांचं दालन त्यांच्याबरोबर तुम्हीही उभं राहून बघा.